अम्मीची भगवंती आणि माझा फॉरवर्ड

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण तापलं. ७ जूनला शहर बंद, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि मग इंटरनेटही बंद. आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी दार उघडं ठेवलं नाही. अब्बा असते तर म्हणाले असते, शाहू महाराजांच्या गावात हे दिवस बघायचे होते.

पण मला आज त्या दिवसाबद्दल नाही, त्यानंतर मी स्वतः केलेल्या एका चुकीबद्दल लिहायचंय.

इंटरनेट सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत एक व्हिडिओ माझ्याकडे आला. जळालेल्या घरासमोर एक म्हातारी बसून रडतेय. मागून एका माणसाचा आवाज सगळी हकिकत सांगतोय: कोण आले, काय बोलले, तिच्या नातवाचं काय झालं. म्हातारी हुबेहूब माझ्या नानीसारखी दिसत होती. पदर तसाच, हात तसेच. मी रडले, आणि रडता रडताच तो व्हिडिओ खानदानाच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर पाठवून दिला.

तासाभरात माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही एका बाकावर बसून मानसशास्त्राचा पेपर घोकलेला. ती म्हणाली, "अगं, हा व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा आहे. आपल्या राज्यातलासुद्धा नाही. घराला आग शॉर्टसर्किटनं लागली होती. तू तर पोरांना बातमी तपासायला शिकवतेस ना?"

मी शाळेत नववीला उर्दू आणि मराठी शिकवते. बातमीलेखन माझ्याच वाट्याला आहे. मी गप्प झाले. व्हिडिओ पुसला, पण तोवर तो पुढे गेला होता. आणि खरी गोष्ट सांगते, खोटा आहे हे कळल्यावरही त्या म्हातारीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बाजारात जाताना भीती वाटायची. डोक्याला कळलं होतं, मनाला कळलं नव्हतं.

हे असं का होतं, याचा शोध घेताना मला काही माणसं सापडली, ज्यांनी आपली हयात गोष्टींचा माणसावर होणारा असर मोजण्यात घातली आहे.

अमेरिकेत रिचर्ड गेरिग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९३ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं की वाचक हा प्रवासी असतो. गोष्ट त्याला दूर घेऊन जाते आणि परत येतो तेव्हा तो थोडा बदललेला असतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी हा प्रवास मोजायचं ठरवलं. त्यांनी पंधरा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. गोष्ट वाचताना चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं का, आजूबाजूचं भान सुटलं का, असं विचारणारी. मग लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. मॉलमध्ये एक मनोरुग्ण माणूस एका लहान मुलीवर चाकूनं हल्ला करतो, अशी. २००० साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. जे वाचक गोष्टीत जास्त गुंतले होते, त्यांना मॉल जास्त धोक्याचे वाटू लागले, मनोरुग्णांना मोकळं सोडू नये असं वाटू लागलं. काहींना ही गोष्ट खरी आहे असं सांगितलं होतं, काहींना काल्पनिक आहे असं. त्यानं फरक पडला नाही.

आणखी एक. जिथे काही खोटं वाटेल तिथे खूण करा, असं वाचकांना सांगितलं होतं. गुंतलेल्यांनी कमी खुणा केल्या.

हे वाचून मला आपली दास्तान आठवली. अमीर हम्जाच्या दास्तानीत तिलिस्म असतं. माणूस आत शिरतो आणि मग त्याला दरवाजा दिसत नाही. आपल्या दास्तानगोंना हे आधीपासून ठाऊक होतं, ग्रीन बाईंनी फक्त मोजून दाखवलं. मी त्या दिवशी तिलिस्मात शिरले होते आणि बाकीच्यांनाही हात धरून आत ओढलं होतं.

पण अशी एक गोष्ट तर आपल्याच घरात घडून गेली आहे. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मी सहा वर्षांची होते. गल्लीत टीव्ही एकाच घरात, आणि अम्मी मला कडेवर घेऊन तिथं जायची. १५६ भाग चालली ती मालिका. भाग संपला की अशोक कुमार येऊन समजावून सांगायचे. मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली होती, आणि बायकांचा दर्जा, छोटं कुटुंब असे विषय गोष्टीतून पोचवायचे, असा सरकारी हेतू तिच्यामागे होता.

तिचा अभ्यास केला अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी. रॉजर्स आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या बापाला यंत्रं आवडायची, पण मक्याचं नवं संकरित बियाणं घ्यायला तो तयार नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला आणि ह्यांचा करपला. माणसं नवं का स्वीकारत नाहीत, हा प्रश्न पोराच्या डोक्यात तिथून शिरला असावा. त्यावरचं त्याचं गाजलेलं पुस्तक १९६२ चं, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षीचं.

'हम लोग'ला प्रेक्षकांची सुमारे ४ लाख पत्रं आली. मालिकेतली भगवंती, सगळं मुकाट सोसणारी आई, ही खरं तर असं होऊ नये म्हणून दाखवली होती. पण अभ्यासात आढळलं की बऱ्याच प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं.

माझ्या अम्मीनंही. "बिचारी कित्ता सहन करती," असं ती कौतुकानं म्हणायची. माझ्या निकाहाच्या वेळी तिनं मला दिलेला सल्लाही तोच होता, सहन कर. मी लग्नानंतर बी.एड.चा अर्ज भरला, तेव्हा सासरी जे वादळ झालं त्यात अम्मी माझ्या बाजूनं उभी राहिली नाही. अशोक कुमार दर भागाला समजावत होते, पण अम्मीनं गोष्टीतून उचललं ते आपल्या मनाचं.

मग गोष्टींपुढे आपण हतबल आहोत का? रवांडात १९९४ च्या नरसंहारात रेडिओनं द्वेष पेरला होता. त्याच देशात पुढे सलोख्यासाठी एक रेडिओ मालिका काढली गेली. एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी तिचा अभ्यास केला. काही वस्त्यांनी वर्षभर ही मालिका ऐकली, काहींनी आरोग्याची. २००९ साली त्यांनी लिहिलं की सलोख्याची मालिका ऐकणाऱ्यांच्या वैयक्तिक समजुती फारशा बदलल्या नाहीत. बदललं ते 'आपल्यात लोक कसं वागतात' याबद्दलचं त्यांचं मत, आणि काही प्रमाणात वागणंही.

हे वाचलं तेव्हा मैत्रिणीच्या फोनचं मोल कळलं. तिनं मला व्याख्यान दिलं नव्हतं. आपण असं वागत नाही, एवढंच तिनं आठवण करून दिलं. मग मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, "मी पाठवलेला व्हिडिओ खोटा होता. मी न तपासता पाठवला. माफ करा." माहेरच्या ग्रुपवर दोन दिवस कुणी बोललं नाही. एका चुलत्यांनी फोन करून विचारलं, "तू कुणाच्या बाजूची?" तिसऱ्या दिवशी एका मामेभावानं लिहिलं, "बाजी, मी पण गेल्या आठवड्यात एक असाच पाठवला होता."

आता दर शुक्रवारी वर्गात मी एक किस्सा वाचून दाखवते, रंगवून. मुलांच्या हातात लाल पेन असतं, खटकेल तिथे खूण करायची. पहिल्यांदा वाचताना खुणा जवळजवळ होतच नाहीत. तोच कागद शनिवारी परत देते, तेव्हा तो लालभडक होतो. एका मुलीनं मला विचारलं, "टीचर, मग शुक्रवारीच का नाही दिसलं?"

मी तिला म्हातारीच्या व्हिडिओची हकिकत सांगितली. वर्गापुढे सांगताना लाज वाटली. पण सांगितली.