गळ्याचं माप अंदाजाने सांगू नका

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तुम्हाला भेटतो, तेव्हा तो विचारतो: घोरता का? दिवसा थकवा वाटतो का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? बीपी आहे का? मग वय, वजन, उंची, गळ्याचा घेर. पुरुष असाल तर त्याचाही एक गुण. ही 'स्टॉप-बँग' चाचणी टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडली. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अॅप्निया, त्यातून हेरता येतो.

मीही हे प्रश्न विचारतो. काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ५४ वर्षांचे एक काका आले. "उंची १६८, वजन ९४, कॉलर साडेपंधरा. घोरत नाही." मी तसंच लिहून घेतलं. बीएमआय ३३. पुरुष, पन्नाशीच्या पुढे, बीपीची गोळी चालू: गुण ३.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर डोळा लागला की त्यांचा ऑक्सिजन उतरायचा, हाक मारली की चढायचा. रात्रभर आम्ही त्यांच्या उशाशी होतो. सकाळी मी स्वतः मोजलं. उंची १६५, वजन ९७, गळा ४२ सेंटिमीटर. बीएमआय ३५च्या वर, गळा ४०च्या वर. गुण ५, म्हणजे जास्त धोका.

काका खोटं बोलले नव्हते. उंची तरुणपणीची होती, वजन मागच्या दिवाळीचं आणि कॉलर वरचं बटण कधीच न लावलेल्या शर्टाची. आपण सगळेच उंची थोडी वाढवून आणि वजन थोडं कमी करून सांगतो. दोन्हींमुळे बीएमआय कमीच दिसतो. चूक माझी होती, मी टेप काढली नाही.

भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो. धोका आधी कळला तर आम्ही औषधं बेताने देतो, डोकं उंच ठेवतो, रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवतो. गुण जास्त आले म्हणून ऑपरेशन रद्द होतंच असं नाही.

म्हणून येण्याआधी चपला काढून उंची आणि वजन मोजा. शिवणाची टेप कंठमण्याच्या जरा खाली, न आवळता गुंडाळा. आणि घोरण्याचं उत्तर शेजारी झोपणाऱ्यालाच देऊ द्या. काकांच्या बाबतीत ते काकूंनी दिलं, पण ऑपरेशननंतर.