गोठ्यातली शाळा

आमचे चिरंजीव, वय वर्षे पाच. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पण दोन महिने झाले तरी साहेब वर्गात तोंड उघडायला तयार नाहीत. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, 'रिस्पॉन्स देत नाही.' ऑफिसात सर्व्हर असं वागला की आपण रीस्टार्ट मारतो. पोराचं काय करायचं? रोज रात्री माझी उलटतपासणी: आज काय बोललास? का नाही बोललास?

शनिवारी नेवाशाला मामाकडे गेलो. (जिल्हा आता अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच.) पैस खांब दाखवला. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, असं मानतात. मग त्याआधीची गोष्ट ओघानं आलीच. संन्याशाची पोरं म्हणून भावांना मुंज नाकारलेली, शुद्धिपत्रासाठी चौघं भावंडं पैठणला गेली. तिथे ज्ञानेश्वरांनी डोक्यावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. जुन्नरजवळच्या आळे गावात त्या रेड्याची समाधीसुद्धा आहे.

चिरंजीव गप्प. नेहमीप्रमाणे.

संध्याकाळी शोधतोय तर स्वारी मामाच्या गोठ्यात. म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभा. मी दहा मिनिटं बघत होतो, शेवटी राहवेना.

"काय रे, बोलली का?"

"बाबा, थांब ना. तिला घाई नको करू."

च्यायला!

सोमवारी शाळेच्या गेटवर नेहमीचं भाषण दिलं नाही. डोक्यावर हात ठेवला, बस्स. रात्री काही विचारलंही नाही.

डायरी अजून तेच म्हणते. असो. मी थांबलोय.