नऊशेला टाक

‘अजून तापव’ हा माझा ठरलेला शेरा. नाशिकच्या आमच्या कॉलेजात एमएस्सीची पोरं फेराइटचे प्रोजेक्ट करतात. नमुना चुंबकाकडे नीट ओढला गेला नाही की मी म्हणायचो, नऊशेला टाक, सुधारेल. कोबाल्ट फेराइटच्या बाबतीत ते खरंही ठरायचं. तापवल्यावर कण वाढतात, पृष्ठभागावरचा विस्कळीतपणा घटतो आणि संपृक्त चुंबकन वर जातं. (कोअर्सिव्हिटी एका आकारानंतर उतरू लागते, हे मात्र मी फळ्यावर घाईत उरकायचो.)

मग एका विद्यार्थिनीनं झिंक फेराइट केलं. नायट्रेटं, सायट्रिक आम्ल, वरून अमोनियाचे थेंब. हॉटप्लेटवर आटून घट्ट झालेलं जेल ठिणग्या टाकत पेटलं आणि नागगोळीसारखं फुगत बीकरच्या काठावर आलं. ती तपकिरी राख बटर पेपरवर घेऊन खालून चुंबक फिरवला, तर मागोमाग सरकत यायची. तीच राख नऊशेच्या भट्टीतून काढली, तर जवळजवळ ढिम्म. मी तिच्यावरच घसरलो. लेबलं बदललीस, नाहीतर क्रुसिबल घाण होतं. तेही चार पोरांसमोर.

एक्स-रेचा आलेख आला आणि माझी पंचाईत झाली. भेसळीचं एकही शिखर नाही. राखेत पस्तीस अंशांजवळ बसकं, पसरट असलेलं शिखर आता सुईसारखं टोकदार झालेलं. स्फटिक सुधारला होता आणि चुंबकत्व गेलं होतं. ही दोन्ही बरोबरच वाढतात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

वास्तविक लुई नीलचा 1948 चा सिद्धांत मी दरवर्षी शिकवतो, परीक्षेपुरता. फेराइटच्या स्पिनेल रचनेत धातूला दोन तऱ्हेच्या जागा असतात, चार ऑक्सिजनांमधली आणि सहांमधली. दोन्हीकडे लोहासारखे चुंबकी अणू असतील तरच त्यांची जोरदार जोडी जमते. जस्ताला चारांमधली जागा आवडते आणि त्याला स्वतःचं चुंबकत्व नाही. पण जेल क्षणात जळतं तेव्हा, गर्दीच्या एसटीत बसतात तसे, अणू मिळेल त्या जागी बसतात. थोडं लोह जस्ताच्या जागेवर जातं आणि राख चुंबकाला दाद देते. भट्टीनं त्यांना उठून आपापल्या जागी जायला सवड दिली, एवढंच. आमच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं तांबं तापवून मऊ करतात. त्या आळीतून मी लहानपणापासून जातोय, तरी उष्णता म्हणजे बळकटी हेच डोक्यात.

त्याच चार पोरांना बोलावून मी तिची माफी मागितली. ती ऐकून घेत म्हणाली, ‘सर, पण मी भट्टी बंद करून नमुना रात्रभर आतच ठेवला होता. लगेच बाहेर काढून झटकन गार केला असता तर?’ तर काही अणू चुकीच्या जागीच अडकून राहिले असते आणि थोडं चुंबकत्व टिकलं असतं. कपाटातल्या सगळ्या जुन्या बाटल्यांवर माझ्या अक्षरात फक्त तापमान लिहिलेलं आहे.