जिन्यावरचा गालिचा

गालिचा ही वस्तू आमच्या घरात कधीच नव्हती. लग्नकार्याला मागून आणलेले जाजम, पाहुण्यासाठी सतरंजी आणि एरवी गोणपाट, एवढाच आमचा बिछायतीचा संसार. तरीही गालिच्याशी माझे नाते फार जुने आहे. ते मी चाळीस वर्षे कुणाला सांगितले नाही. आज सांगतो आहे, त्याला कारण घडले ते सातासमुद्रापलीकडे, मुलीच्या घरी.

आमचे रामाकोना कन्हान नदीच्या काठचे गाव. नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे २०१५ पर्यंत आमच्या स्टेशनात थांबत असे. आता मोठी लाइन झाली. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि आमचा सौंसर तालुका छिंदवाड्यातून निघून त्यात गेला. राज्य, जिल्हा, रेल्वे, सारे बदलत गेले. घरातली मराठी मात्र तशीच राहिली. वडील वारले तेव्हा मी तिसरीत होतो. शेती नावापुरती होती. माय एका जुन्या मालगुजार घराण्याच्या वाड्यात कामाला जाऊ लागली. मालगुजारी कायद्याने केव्हाच संपली होती, पण वाडा होता, वाड्याची माडी होती आणि माडीला जाणाऱ्या जिन्यावर तांबड्या रंगाचा लोकरी गालिचा होता. सतरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या बेचक्यात गालिचा दाबून धरणारी एक पितळी दांडी. तो जिना झाडण्याचे काम मायकडे होते. सुटीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जाई आणि खालच्या पायरीशेजारी जमिनीवर बसून पाढे म्हणे. पायरीवर बसण्याची मुभा नव्हती.

तिची रीत अशी. आरंभ नेहमी वरच्या पायरीपासून; खालून सुरुवात केली तर वरची धूळ झाडलेल्या पायरीवर उतरते, हे ती सांगत नसे, करून दाखवी. आधी कोरड्या कुंच्याने कोपरे, मग पायरीचा उभा भाग, मग आडवा. पायरीची पुढची कड, जिथे प्रत्येकाचे पाऊल पडते आणि लोकर सर्वांत आधी झिजते, तिथे हात हलका. कोरडी धूळ पुरती निघाल्यावर ती गव्हाचा कोंडा घेई, त्यावर पाण्याचा शिपका मारी आणि दोन्ही तळव्यांत चोळी. मुठीत दाबला तर कोंड्याचा गोळा होता कामा नये आणि हाताला ओल मात्र लागली पाहिजे, ही तिची परीक्षा. तो कोंडा पायरीवर पसरून ती कुंच्याने हळूहळू फिरवी आणि मग झाडून घेई. पांढरा कोंडा करडा होऊन निघे आणि तांबडा रंग उजळून येई. कधी वाड्यातल्या चहाचा चोथा पिळून वापरी, पण तो गडद रंगावरच. फिक्या रंगावर चहाचा डाग बसतो. मी एकदा विचारले, "माय, बादलीभर पाणी का नाही टाकत?" ती म्हणाली, "याले पानी पाजाचं नाही रे बाबू, पान्याचा निस्ता वास दाखवाचा."

पुढे मी शिकलो. मराठी घेऊन एम. ए. झालो, मास्तर झालो, मुख्याध्यापक झालो. मायचे काम सुटले. सोयरिकी जुळवताना, नोकरीच्या गावी, मुलांसमोर, मी एवढेच म्हणत असे की आईचे वाड्यात जाणे-येणे होते. ते खोटे नव्हते. परंतु अर्धे सत्य बोलून निभावून नेण्याची विद्या मी वर्गात मुलांना कधी शिकवली नसती.

२०२४ च्या उन्हाळी सुटीत, रीतसर परवानगी काढून, आम्ही उभयता इंग्लंडात रेडिंग येथे मुलीकडे गेलो. नात दोन महिन्यांची होती. भाड्याचे घर लहान, पण दुमजली. आणि जिना खालपासून वरपर्यंत गालिच्याने मढवलेला. थंडीत पायाला ऊब, चालण्याचा आवाज नाही, पाय घसरत नाही, म्हणून तिकडे साध्या घरांतूनही जिन्याला गालिचा असतो. फिकट दुधी रंग. पाहताच माझ्या पोटात काही तरी हलले; मी ते बोललो नाही.

आठवड्याने एका रात्री मुलीसाठी हळदीचे दूध वर नेत असता माझा पाय अडखळला. चार पायऱ्यांवर दूध सांडले. सर्व निजलेले. टिपून घ्यावे आणि स्वस्थ बसावे एवढेच करावयाचे होते. मी मोरीतला साबण आणून घासू लागलो. पिवळा डाग पाहता पाहता तांबडा झाला! हळदीला चुना लागला की कुंकू होते हे आपल्या घराघरांतील ज्ञान. साबणातही तोच क्षार. माझी बुद्धी गेली. मी बादली भरून आणली आणि चारही पायऱ्या धुऊन काढल्या, जशी आपण ओसरी धुतो तशी.

सकाळी तांबडेपणा उतरला होता, पिवळी छटा उरली होती. दुसऱ्या दिवशी मात्र पायऱ्यांवर तपकिरी वलये उमटली आणि कोंदट वास सुटला. गालिच्याच्या पाठीला तागाचे विणकाम असते. ते भिजले की तागातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि लोकरीच्या टोकाशी येऊन वाळतो. तळाशी बसलेली जुनी धूळही तशीच वर येते. मुलगी मला एक शब्द बोलली नाही. घरमालकाकडे ठेवलेली अनामत रक्कम तिच्या बोलण्यातून चुकून निघाली, तेव्हा मला कळले. माझ्या शाळेत एखाद्या मुलाने असे काही केले असते तर मी किती बोललो असतो, याचा हिशेब मी त्या दिवशी मनात केला.

जावईबापूंनी गालिचे साफ करणारा एक कारागीर बोलावला. साठीचा गृहस्थ, अबोल. त्याने आधी पांढरे टॉवेल दाबून ओल काढली, पंखा लावून दिला आणि दोन दिवसांनी येईन म्हणाला. आला तेव्हा वरच्या पायरीपासून धूळ ओढण्याचे यंत्र फिरवले, तेही तीनतीनदा. "गालिच्यातली बहुतेक घाण कोरडीच असते," तो म्हणाला, "ती कोरडी असतानाच काढावी; पाणी लागले की तिचा चिखल होतो." मग कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहिले. डागांवर औषधाचा बारीक फवारा मारून फडक्याने टिपले, घासले नाही. शेवटी पिशवीतून एक दमट भुकटी काढून तेरा पायऱ्यांवर पसरली आणि मऊ ब्रशने फिरवू लागला.

माझ्या तोंडून निघून गेले, "हा तर कोंडा!"

तो हसला. लाकडाच्या धाग्यांची ती भुकटी होती, किंचित ओल आणि स्वच्छक द्रव शोषलेली. धूळ भुकटीला चिकटते, अर्ध्या तासाने यंत्राने ओढून घेतली की झाले. तासाभरात जिना वापरता येतो. दुसऱ्या एका पद्धतीत फवारलेला द्रव वाळून त्याचे ठिसूळ कण होतात आणि त्या कणांत कोंडलेली घाण झाडून निघते. जिन्यावर या कमी पाण्याच्या पद्धती विशेष सोयीच्या, कारण ओल्या पायरीवरून माणूस घसरतो आणि भिजलेला गालिचा वाळायला दिवस जातो. तो पुढे म्हणाला की त्याची आजी चहाचा ओलसर चोथा पसरून गालिचे झाडीत असे. इंग्लंडात तेव्हा घरोघर हीच रीत होती. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ याने हवा ओढणारे यंत्र काढले, तोवर इंग्लंडातील गृहिणी आणि माझी माय एकाच शाळेत शिकत होत्या म्हणावयाचे!

मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. तिला ठाऊक होते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो आणि सगळे सांगितले: सतरा पायऱ्या, पितळी दांड्या, कोंडा. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी गेली तेव्हा मी बारावीत होते. तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मी तिलाच विचारलं असतं."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढच्या रविवारी विंडसरचा राजवाडा पाहिला. तेथील वॉटर्लू दालनात एक प्रचंड गालिचा आहे. राणी व्हिक्टोरियासाठी तो आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला. लोक छताकडे पाहत होते. मी खाली पाहत राहिलो. विणणारे त्यावरून कधी चालले नाहीत, झाडणारे पायरीवर बसले नाहीत. आणि मी त्यांच्यापैकीच एकीला अर्ध्या वाक्यात झाकून ठेवले होते. हळदीची फिकट छटा उजेडाने दिवसेंदिवस कमी होत गेली, असे मुलीने नंतर कळवले. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

परत आल्यावर १५ ऑगस्टसाठी शाळेची मोठी सतरंजी काढली. मुले ती कन्हानवर धुवायला न्यायला निघाली होती. पावसाळ्यात ती वाळणार कधी? मी कोंडा मागवला, शिपका मारला, तळव्यांत चोळला आणि मुठीत दाबून पाहिला. सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "माझ्या मायने. ती वाड्यात जिना झाडायची."