बारा कुंड्या, दोन बग

चंदगड म्हटलं की लोकांना काजू आठवतात, फार तर रताळी. टोमॅटोसाठी आमचं गाव काही प्रसिद्ध नाही. तरीही यंदा गणपती उरकल्यावर गच्चीवर टोमॅटोच्या बारा कुंड्या मांडल्या. कारण आईचा गुडघा.

बाबा गेल्यापासून वरचा तुकडा तीच बघायची. मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना चालेल, पण चिखल आणि बांध बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तसाही हापिसचं काम घरूनच करतो (अधूनमधून पुण्याला तोंड दाखवून यायचं, बस्स). म्हटलं, तू शेतात जाऊ शकत नाहीस ना, मग शेतच गच्चीवर आणतो. आणि अक्षरशः आणलं. रंगाचे वीस लिटरचे सहा रिकामे डबे वरच्या तुकड्यातल्या मातीनं भरले. बाबांनी वर्षानुवर्षं शेणखत घालून कसलेली तांबडी माती ती! बाकी सहा ग्रो बॅग होत्या, त्यांत कोकोपीट, गांडूळखत आणि नर्सरीतली माती. खाली तबकड्या ठेवल्या, टायमरवर ठिबक लावलं, दर रविवारी कात्रीनं बगलफूट काढायची असं वेळापत्रक केलं. डबा क्रमांक एकपासून बॅग क्रमांक बारापर्यंत, ओळीनं. इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार.

ऑक्टोबरच्या मध्यावर लफडं सुरू झालं.

आधी डबा क्रमांक दोन. भर दुपारी झाडानं मान टाकली. संध्याकाळी बघतो तर पुन्हा ताठ. ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते उठलंच नाही. त्याच आठवड्यात ग्रो बॅगांमधली खालची पानं पिवळी पडायला लागली.

मग मी तेच केलं, जे नवशिका प्रोग्रामर करतो. जालावर शोधलं आणि सापडला तो प्रत्येक उपाय एकाच विकांताला करून टाकला. मॅग्नेशियम कमी असेल म्हणून एप्सम सॉल्ट, नत्र कमी असेल म्हणून १९:१९:१९, कीड असेल म्हणून निंबोळी अर्क, बुरशी असेल म्हणून ट्रायकोडर्मा. हे म्हणजे एकाच वेळी दहा ओळी बदलून प्रोग्राम पुन्हा चालवण्यासारखं. आता चाललं तरी का चाललं ते कळणार नाही, आणि नाही चाललं तर विचारूच नका.

नाही चाललं.

या सगळ्यात आई फार बोलत नव्हती. ती नुसती त्या झाडांजवळ स्टूल टाकून बसायची. एकदा म्हणाली, "माझ्या हाताला आता गुण नाही राहिला रे." मी हसण्यावारी नेलं. पण रात्री झोप येईना. ज्या बाईनं पस्तीस पावसाळे शेती केली, तिला मी हौसेनं बारा कुंड्या आणून दिल्या आणि त्यांतून तिला हे वाटावं?

दुसऱ्या दिवशी कॉफीचा मग घेऊन गच्चीवर गेलो आणि काहीही न करता फक्त बघायचं ठरवलं. तासाभरात एक गोष्ट डोक्यात शिरली. आजारी झाडं एकसारखी आजारी नव्हतीच! मी सगळ्यांना एकाच तिकिटाखाली टाकलं होतं, इथेच घोळ होता.

चार बॅगांमधली झाडं पिवळी होती. खालची जुनी पानं आधी, मग हळूहळू वर. माती बोटाला ओली लागत होती, बॅग उचलून बघितली तर दगडासारखी जड. तबकडीत पाणी तुंबलेलं. एका बॅगेच्या कडेनं माती उकरली तर मुळं तपकिरी, आणि वास कुजलेला. टायमर सकाळ-संध्याकाळ पाणी देत होता. शिवाय दुपारी झाड मलूल दिसलं की आई मायेनं एक तांब्या ओतत होती. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी उचलत नाहीत, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाडही तहानलेलं दिसतं. मग आणखी पाणी. प्रोग्रामिंगच्या भाषेत, इन्फिनिट लूप.

याचा इलाज सोपा होता. तबकड्या काढल्या, बॅगांना खाली आणखी भोकं पाडली, विटांवर उचलून ठेवल्या, टायमर बंद. दोन पेरं बोट मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. खत काही दिवस अजिबात नाही. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नये, शेंड्याकडे बघावं. दहा-बारा दिवसांत चारही बॅगांच्या शेंड्याला स्वच्छ हिरवी पानं आली.

डब्यांची गोष्ट वेगळी. तिथे चार झाडं मलूल झाली होती ती हिरवीच्या हिरवी. पिवळेपणा जवळजवळ नाही, आणि तबकडीत पाणीही नाही. फ्युजारियम बुरशीची मर असती तर पानं खालून पिवळी पडत आली असती, बरेचदा आधी एकाच बाजूची. हे तर उभं झाड उकडल्यासारखं झालं होतं.

याची एक चाचणी आहे, आणि तिला स्वयंपाकघराबाहेरचं काही लागत नाही. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीपासून थोडं वर कापायचं, तो तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात नुसतं कापलेलं टोक बुडेल असा धरायचा आणि न हलवता वाट बघायची. मी आणि आई दोघं ओट्याशी उभे होतो. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग कापलेल्या टोकातून दुधाच्या धाग्यासारखी एक बारीक पांढरी रेघ सरळ खाली उतरली. मग दुसरी.

ते सगळे जिवाणू. नाव राल्स्टोनिया सोलानासीरम. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथनं १८९६ साली याचं पहिलं वर्णन केलं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं, सगळ्यांत घुसतो. मुळांच्या जखमांतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुजवून टाकतो. त्याला उबदार, ओली, आम्लधर्मी माती आवडते, म्हणजे आमच्याकडची पावसानं धुतलेली तांबडी माती. मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो आणि लागलेल्या झाडाला औषध नाही. उपटून जाळायचं.

म्हणजे बाबांच्या मातीतूनच आला होता.

आई ग्लासाकडे बघत म्हणाली, "त्या तुकड्यात वांगी तरी कधी टिकली होती? तुझे बाबा शेवटी भात आणि नाचणीच घ्यायचे तिथं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू एवढ्या हौसेनं डबे वाहून आणलेस..."

असो. पण एक कोडं सुटत नव्हतं. बॅग क्रमांक सातमधलं झाडही हिरवंच्या हिरवं बसलं होतं, आणि तिच्यात शेतातली माती चिमूटभरही नव्हती. त्याचंही खोड ग्लासात धरलं. तीच रेघ. मी वेळापत्रक काढून बघितलं. रविवारची बगलफूट. डबा पाच, डबा सहा, बॅग सात. कात्री एकच, मध्ये पुसलेली नाही. सातव्या झाडाला रोग मीच टोचला होता.

हे आईला सांगायला दोन दिवस लागले. सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातानं नाही गेली?" पाणी आपण दोघांनी जास्त घातलं, पण मर तुझ्या हातानं नाही, असं मी सांगितलं. ते खरंही होतं.

पाच मेलेली झाडं जाळली. उरलेल्या दोन डब्यांतली झाडं वरून धडधाकट होती, पण माती तीच. डिसेंबरपर्यंत तीही गेली. पाच बॅगा उरल्या, आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांनी आठवड्याला भाजीपुरते टोमॅटो दिले. पुढच्या खेपेला अर्का रक्षकचं बी आणणार आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा संकर, पानांचा विषाणू, करपा आणि ही जिवाणूची मर, तिन्हींना दाद न देणारा. पण तोही नव्या मातीतच लावणार, उगाच परीक्षा नको.

जुन्या मातीचं काय करायचं यावर घरात महिनाभर चर्चा चालू होती. दुसऱ्याच्या रानात टाकणं पाप, आणि फेकायला माझा हात होईना. शेवटी गच्चीच्या कोपऱ्यात पसरलीय. एप्रिल-मेमध्ये ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणणार, चार-सहा आठवडे उन्हात शिजवणार. त्यानं जिवाणू कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही. म्हणून त्यात फक्त मका. आईनं बी राखूनही ठेवलंय.

कात्री आता स्पिरिटच्या बाटलीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. आई ती वापरत नाही. नखानंच बगलफूट खुडते आणि प्रत्येक झाडानंतर नळावर जाऊन साबणानं हात धुऊन येते. पाच झाडांना अर्धा तास लागतो तिला.