फजरनंतरचे दोन तास

आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. सगळी वर्षे अहमदनगरात गेली. आता शहराचे नाव अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या तोंडी अजून नगरच आहे. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये, आजारपणे यांत दिवस कसे गेले ते कळले नाही. गेल्या वर्षी नोकरी संपली, धाकटी सासरी गेली आणि घरात आम्ही दोघेच उरलो. तेव्हा लक्षात आले, की आमच्याकडे एकमेकांशी बोलायला काही नाही. भाजी कोणती आणि विजेचे बिल भरले का, एवढ्यावर दिवस संपायचा. बाकी वेळ दोघांच्या हातात दोन मोबाइल.

एका रविवारी फजरनंतर थर्मासमध्ये चहा भरून आम्ही सहज बाहेर पडलो. किल्ल्याच्या बाजूला दमडी मशिदीपाशी थांबलो. तिच्या जवळून शेकडो वेळा गेलो होतो, निरखून कधी पाहिली नव्हती. 1567-68 मधली ही मशीद लहानशी आहे, पण दगडावरचे नक्षीकाम पाहत राहावे असे. मजुरांनी आपल्या रोजीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. परत येताना आम्ही त्या मजुरांविषयीच बोलत होतो. दमडी देताना कुणी कुरकुरले असेल का? घरी बायकोला सांगितले असेल का? त्यावरून आमचा थोडा वादही झाला. पण कितीतरी दिवसांनी तो बिलावरून नव्हता!

तेव्हापासून आमचा रविवार ठरून गेला. फराहबागेचा पडका महाल पाहिला. शाह डोंगर चढलो. तिथल्या अष्टकोनी, तिमजली इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. आम्हीही मुलांना तेच सांगत आलो. प्रत्यक्षात ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. प्यारे नबी (स.) हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत, ही हदीस निकाहच्या बयानांत अनेकदा ऐकली होती. त्या दिवशी शेवटच्या चढावर आम्हीही शर्यत लावली. कोण जिंकले ते सांगत नाही.

मग किल्ला. 1942 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या नेत्यांना इथे कैदेत ठेवले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे शाळेत शिकलो होतो. मौलाना आझादांच्या ‘गुबारे खातिर’मधली बरीच पत्रेही इथलीच. अब्बांच्या पेटीतली जुनी प्रत काढून आम्ही रोज थोडी थोडी वाचू लागलो. पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करण्याचे मौलानांचे वर्णन वाचून आम्हाला आमचा थर्मास आठवला.

पुढे एप्रिल 1943 चे पत्र आले. मौलाना कैदेत असतानाच कलकत्त्यात त्यांच्या बेगम झुलेखा यांचे निधन झाले. त्यांना भेटण्यासाठी सरकारपुढे अर्ज करायला मौलानांनी नकार दिला होता. मुंबईला निघालो तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या आणि खुदा हाफिजपलीकडे काही बोलल्या नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. त्या बातमीनंतर तिच्याविषयी त्यांना वेगळाच जिव्हाळा वाटू लागला.

पुढच्या रविवारी आम्ही खंदकाच्या काठी बसलो होतो. चहा तसाच निवत होता. बऱ्याच वेळाने आमच्यापैकी एक जण म्हणाले, “खुदा हाफिज तर आपणही रोज म्हणतो. पण एकमेकांकडे न बघता.”

दुसऱ्याला उत्तर सुचले नाही.

आमच्या शहरात तर किल्ला आहे. तुमच्या गावात एखादी जुनी विहीर असेल, वेस असेल, नदीकाठ असेल. जोडीने एकदा जाऊन या, खर्च थर्मासभर चहाचा. आमच्या घरात आता एवढा फरक पडला आहे, की एक जण दूध आणायला निघाले तरी दुसरे दारापर्यंत येते.