वेग वाढवावा की गाडी बदलावी?

धर्मगुरूकडे लोक कोणकोणत्या गोष्टींचा सल्ला मागावयास येतात, याची यादी सेमिनरीत आम्हांला कोणी दिली नव्हती. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासात वर्षे घालवून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा वाटले होते की माणसे आमच्याकडे आत्म्याचे प्रश्न घेऊन येतील. तशी ती येतातही. परंतु त्याहून अधिक येतात ती वाडीच्या वाटण्या, मुलीचे स्थळ, बँकेचे कर्ज आणि मुलाचे परदेशगमन घेऊन. अलीकडे या यादीत मोटारगाड्यांची भर पडली आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात तरुण मंडळी ज्या तन्मयतेने एखाद्या गाडीचे बॉनेट उघडून उभी असतात, तेवढी तन्मयता आमच्या प्रवचनाच्या वाट्याला क्वचितच येते. यात तक्रारीचा सूर नाही. इंजिनाचे आकर्षण आम्हांलाही आहे.

गेल्या वर्षी अशाच एका तरुणाची आई आमच्याकडे आली. नवऱ्याला जाऊन दोन वर्षे झालेली, मुलगा एकुलता एक, नोकरी अंधेरीला. "फादर, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा. माझे ऐकत नाही. पपांच्या गाडीत दीड लाख घालायला निघालाय." गाडी म्हणजे २०१३ सालची मारुती स्विफ्ट, पेट्रोलवर चालणारी. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि कुटुंबात आलेली ती पहिलीच चारचाकी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आला तो गॅरेजवाल्याने दिलेला कागद घेऊनच. इंजिनाच्या संगणकाचे नवे ट्युनिंग, मोकळा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर, गाडी खाली बसविणाऱ्या आखूड स्प्रिंगा, रुंद टायर आणि अलॉय व्हील. एकूण दीड लाखाच्या थोडे वर. "फादर, गाडी पपांची आहे, ती विकायची नाही. पण तिला पिकअप नाही. हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो."

दोन्ही वाक्ये खरी होती, आणि त्यांतच सारा गुंता होता.

वाचकांपैकी जे आमच्या वयाचे आहेत, त्यांना आठवेल की 'असलेल्या गाडीतच काहीतरी करून घ्यावे' ही वृत्ती आपल्याकडे आली कशी. अॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांपलीकडे निवड नव्हती. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. तिच्या आधी, आणि नंतरही बराच काळ, लोक जुन्या जीपमध्ये मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवीत, अॅम्बॅसॅडरचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल घालीत. त्यात हौस कमी आणि निरुपाय जास्त होता. पेट्रोल परवडत नव्हते आणि दुसरी गाडी मिळत नव्हती. त्या काळच्या मिस्त्रींच्या हातांत विलक्षण कसब होते, याविषयी आम्हांला आदरच आहे. पण निरुपायातून आलेली सवय निरुपाय संपल्यावरही शहाणपण म्हणून मिरवू लागते. आज हव्या त्या ताकदीची वापरलेली गाडी थोड्या शोधाने मिळते. मग कमी ताकदीच्या गाडीला बळेच धावावयास का लावावे?

आम्ही त्या तरुणाला कागदावर हिशेब मांडून दाखविला. त्याच्या स्विफ्टचे इंजिन ११९७ सीसीचे, ८७ अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले. अशा इंजिनाच्या संगणकात कितीही फेरफार केले तरी हाती येते ती मोजकीच अश्वशक्ती. कारण इंजिन जेवढी हवा स्वतः ओढू शकते तेवढेच पेट्रोल त्यात जळणार. मोकळ्या सायलेन्सरने आवाज मात्र भरपूर वाढतो आणि माणसाला वाटते की वेग वाढला. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच टर्बो असतो, त्यांच्यात असे ट्युनिंग अधिक फळ देते. आणि नसलेल्या गाडीला टर्बो बसवावयाचा म्हटले, तर पिस्टन, गॅस्केट, क्लच प्लेट, रेडिएटर असे एकामागून एक सारेच बदलावे लागते.

याहून मोठी गोष्ट ब्रेकची. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १२० ने जाऊ लागली, की वेग दुप्पट होतो. पण तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा चौपट होते. ही सारी ऊर्जा थांबताना ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरावी लागते. गॅरेजवाल्याच्या त्या कागदावर सहा बाबी होत्या. ब्रेकचा शब्दही नव्हता. आम्ही त्याला तो कागद परत वाचावयास सांगितला. त्याने दोनदा वाचला आणि गप्प राहिला.

गाडी बनविणारे अभियंते इंजिन, गिअर, ब्रेक, स्प्रिंगा, टायर यांचे एक गणित बसवितात. त्यातला एक आकडा आपण वाढविला, की बाकीचे आकडे आपोआप वाढत नाहीत. वेगवान म्हणूनच घडविलेल्या गाडीत मात्र कारखान्याने ते गणित आधीच सोडविलेले असते. उदाहरण म्हणून आम्ही त्याला मारुतीचीच बलेनो आरएस सांगितली. मार्च २०१७ मध्ये ती बाजारात आली. तीन सिलिंडरचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन, १०२ अश्वशक्ती, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. वजन स्विफ्टच्या जवळपासच. १०२ आणि ८७ यांत फरक तो काय, असे कोणी विचारील. तो अश्वशक्तीत नव्हे, टॉर्कमध्ये आहे. स्विफ्टचा ११४ न्यूटन-मीटर टॉर्क इंजिन ४,००० फेऱ्यांवर गेल्यानंतर पूर्ण मिळतो. बलेनो आरएसचा १५० न्यूटन-मीटर १,७०० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. आपण ज्याला बोलीत पिकअप म्हणतो, ते बहुतांशी हेच. ट्रकच्या बाजूने निघून पुन्हा आपल्या लेनमध्ये येण्याचा काळ त्याने कमी होतो.

कायद्याचाही विचार हवा, आणि तो आपल्या तरुणांच्या गावीही नसतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. मान्यताप्राप्त सीएनजी किट आरसीवर नोंदवून बसविता येते; रंग बदलला तर तोही नोंदविता येतो. पण घरमालकाला न विचारता भिंत पाडावी तसे इंजिनात हात घालता येत नाहीत. शिवाय विमा कंपनीला न कळविलेला फेरफार अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडतो. अपघात झालेल्या घरी विम्याचे कागद पाहण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे. त्या घरांत तेव्हा कागद वाचण्याच्या स्थितीत दुसरे कोणी नसते.

कागदांचा विषय निघाला म्हणून आम्ही गाडीचे आरसी पाहावयास मागितले. त्यावर अजून वडिलांचेच नाव होते. मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत ३१ क्रमांकाचा अर्ज करून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. येथे दोन वर्षे लोटली होती. मुलगा म्हणाला, "मम्मीला सही कर म्हणण्याची हिंमत झाली नाही." गाडीत फेरफार करण्याचा त्याचा आग्रह कोठून आला असावा, हे तेव्हा आम्हांला थोडे उमगले. विकण्यासाठी नाव बदलावे लागते. ट्युनिंग करून घेतले, तर निदान कागदावरचे नाव तसेच राहते.

त्यावर आम्ही काही बोललो नाही. सगळ्याच गोष्टी बोलून दाखवावयाच्या नसतात.

आठवड्याने आई पुन्हा आली ती रागावूनच. "फादर, मी तुम्हांला त्याला थांबवायला सांगितले. तुम्ही तर त्याला जास्त पळणारी गाडी घ्यायला सांगितलीत!" तिचा राग वाजवी होता. महामार्गावरून आणलेल्या तरुणांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली आहे, आणि त्या प्रसंगी आईच्या शेजारी उभे राहण्याइतके अवघड काम आमच्या सेवेत दुसरे नाही. परंतु पंचविशीतल्या मुलाला 'हळू चालव' एवढेच सांगणे म्हणजे समोरच्या लाटेला 'परत जा' म्हणण्यासारखे आहे. तो वेग मिळविणारच होता. प्रश्न इतकाच होता, की त्या वेगाला साजेसे ब्रेक आणि टायर त्याच्या पायाखाली असतील की नसतील. हे आम्ही तिला सांगितले. तिने मान हलविली नाही, पण ३१ क्रमांकाच्या अर्जावर सही कोठे करावयाची, ते विचारले.

गाडी शोधावयास तीन महिने लागले. वापरलेली गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याने वाचलेले पुस्तक घेणे. कोणते पान फाटले आहे ते आधी पाहावे. वसईकरांना तर वेगळे सांगावयास नको. जुलै २०१८ मध्ये आपल्या परिसरात पाणी भरले, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिले आहे. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहावी, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, गालिचा उचलून वास घ्यावा. टर्बोच्या गाडीत आणखी जपावे लागते. इंजिन ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी मागाव्यात, आणि थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळा धूर येतो काय ते पाहावे. आधीच्या मालकाने हौसेने ट्युनिंग केलेली गाडी मिळाली तर नमस्कार करून घरी यावे. आपण ज्या वाटेने जाऊ नये असे ठरविले, त्याच वाटेने जाऊन आलेली गाडी विकत घेण्यात काय अर्थ? ठाण्याला पाहिलेली एक गाडी तशीच निघाली. नाशिकची दुसरी चांगली होती, पण बँकेचा बोजा उतरलेला नव्हता आणि ३५ क्रमांकाचा कागद देण्यास मालक टाळाटाळ करीत होता. तिसरी मिळाली. बलेनो आरएसचे उत्पादन २०२० मध्ये थांबले आहे, तेव्हा तिचे काही सुटे भाग यापुढे सावकाश आणि महाग मिळतील, हेही आम्ही त्याला आधीच सांगून ठेवले. वेग फुकट येत नाही, एवढे त्याला समजले होते.

स्विफ्ट विकताना जे घडले, ते आमच्या हिशेबात नव्हते. तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांची वही होती. दर वेळी भरलेले पेट्रोल, किलोमीटर, निघालेले ॲव्हरेज, बदललेले ऑइल, बदललेला ब्रेक लायनर, सारे निळ्या शाईत, तारखेसह. गाडी बघावयास आलेल्या शेजारच्या गावच्या फुलबागायतदाराने इंजिनाआधी ती वही वाचली. घासाघीस न करता तीन लाख दहा हजार कबूल केले आणि म्हणाला, "वही मात्र गाडीबरोबर हवी." आईने नकार दिला. सौदा तिथे मोडण्याच्या बेतात होता. शेवटी मुलगा स्टेशनजवळ जाऊन सगळ्या पानांची झेरॉक्स काढून आला. बागायतदाराला झेरॉक्स, आणि मूळ वही घरी. ट्युनिंगवर दीड लाख घालून, मूळ सायलेन्सर आणि स्प्रिंगा भंगारात टाकून ती विकावयास काढली असती, तर त्या दीड लाखातले फारसे काही परत आले नसते. उलट सरळमार्गी गिऱ्हाईक बिचकले असते. इथे काही न करण्याचीच किंमत मिळाली.

बलेनो चार लाख नव्वद हजारांना आली. स्विफ्टचे पैसे वजा जाता एक लाख ऐंशी हजार खिशातून गेले, म्हणजे गॅरेजवाल्याच्या कागदापेक्षा पंचवीस-तीस हजार अधिक. आशीर्वादासाठी गाडी आवारात आणली, तेव्हा आम्ही सवयीने टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तेथे होते २३१७, म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झाले होते. चारही बदलावे लागतील, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला की दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबावे लागेल. मागच्या सीटवर वही मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई म्हणाली, "बरे आहे. तोवर तरी सांभाळून चालवील."